चार विजांचं नाणं

मामू गेले २०१६ साली. चाळीस दिवस उलटल्यावर मामीनं मला गावी बोलावून घेतलं. दापोली तालुक्यात खाडीच्या काठी त्यांचं घर. माळ्यावर मामूंची जहाजावरची लोखंडी पेटी होती. ‘‘तू शिकलेला, तूच उघड. काय ठेवायचं, काय टाकायचं ते सांग,’’ मामी म्हणाली. पेटीत नोकरीची कागदपत्रं होती, एक गोल घड्याळ होतं, लाकडी फळीवर बसवलेली पितळी कळ होती आणि रुमालात गुंडाळलेलं एक नाणं होतं.

नाणं आपल्या रुपयापेक्षा बरंच मोठं आणि जाड. एका बाजूला जहाजाचा नांगर, दुसऱ्या बाजूला चार विजा. आकाशात चमकतात तशा, नागमोडी. कडेनं इंग्रजी अक्षरं. किंमत कुठेच लिहिलेली नाही. मामेभाऊ ते बाजारात सोनाराकडे घेऊन गेला. सोनारानं ते दगडावर घासलं, हातात तोललं आणि परत दिलं. म्हणाला, ‘‘पितळ आहे, वर मुलामा. मोडीत काही येणार नाही.’’

मंडळी, मी कवी माणूस. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण मोडीत काही न येणारं ते नाणं माझ्या डोक्यातून जाईना. ते कुठून आलं याचा शोध घेता घेता मी अशा माणसांपर्यंत पोहोचलो, ज्यांचा धंदाच आता जगात उरलेला नाही. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

मामू मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. आमच्या कोकणातल्या मुसलमानांच्या घरोघरी कोणी ना कोणी बोटीवर असतोच. कोणी खलाशी, कोणी भंडारी, कोणी इंजिनात तेल घालणारा. पण मामू ‘मार्कोनीसाहेब’ होते. मुंबईत बिनतारी संदेशाचं शिक्षण घेऊन ते साठच्या दशकात बोटीवर चढले आणि नव्वदच्या दशकात उतरले. जहाज आणि किनारा यांच्यात जे बोलणं व्हायचं, ते सगळं मामूंच्या उजव्या हाताच्या तीन बोटांतून आणि दोन कानांतून जायचं.

नाण्याची हकीकत मामीला ठाऊक होती. १९९४ साली मामूंची बोट अमेरिकेत ह्यूस्टनच्या बंदराला लागली होती. तिथल्या खलाशांच्या क्लबात एक म्हातारा अमेरिकन चहापाणी बघायचा. तो तरुणपणी, कोरियाच्या लढाईच्या काळात, अमेरिकन नौदलात ‘रेडिओमन’ होता. मामू टेबलावर बोटानं सहज काहीतरी वाजवत बसले होते. म्हाताऱ्यानं ते ऐकलं, जवळ आला आणि शेजारी बसून आपल्या बोटानं उत्तर दिलं. दोघं तासभर तसेच बसले होते म्हणे. निघताना त्यानं हस्तांदोलन केलं, तेव्हा त्याच्या तळव्यातलं नाणं मामूंच्या तळव्यात आलं.

हे नाणं काय असतं, ते आधी सांगतो.

इंग्रजीत त्याला ‘चॅलेंज कॉइन’ म्हणतात. आव्हानाचं नाणं म्हणू या. अमेरिकेच्या सैन्यात पलटणी, जहाजं, विमानांच्या तुकड्या, इतकंच काय सेनापतीसुद्धा आपापली नाणी पाडून घेतात. त्यावर तुकडीचं चिन्ह असतं, कधी ब्रीदवाक्य असतं. ते बाजारात चालत नाही. सरकारी पदकासारखं छातीवर लावायचंही नसतं. ते खिशात ठेवायचं. वरिष्ठ अधिकाऱ्यानं एखाद्याच्या कामावर खूश होऊन ते द्यायचं ठरवलं, तर हस्तांदोलन करताना गुपचूप हातात सरकवायचं, अशी रीत आहे. ना भाषण, ना फोटो. कष्टाच्या कामाला मोठ्यांनी दिलेली मूक दाद.

आणि मग आव्हान. चार सैनिक कुठे गुत्त्यात बसले, की त्यातला एक आपलं नाणं टेबलावर आपटतो. खण्ण आवाज झाला की बाकीच्यांनी आपापलं नाणं काढून दाखवायचं. ज्याच्याकडे नसेल, त्यानं सगळ्यांच्या पेयाचे पैसे द्यायचे. सगळ्यांकडे निघालं, तर आव्हान देणाऱ्यानं द्यायचे. नाण्याला भोक पाडून ते साखळीत अडकवलं किंवा पट्ट्याच्या बक्कलावर बसवलं, तर ते नाणं मानायचं नाही. ते सुटं हवं, हातात घेऊन आपटता आलं पाहिजे.

ही प्रथा कधी सुरू झाली, याची एक गोष्ट अमेरिकन सैनिक मोठ्या आवडीनं सांगतात. पहिल्या महायुद्धात एका श्रीमंत अमेरिकन वैमानिकानं आपल्या तुकडीसाठी ब्राँझच्या चकत्या पाडून घेतल्या. त्यातला एक जण शत्रूच्या हद्दीत पडला, पकडला गेला, निसटला आणि फ्रेंच सैनिकांच्या तावडीत सापडला. त्यांना वाटलं हा हेर. गोळी घालणार तेवढ्यात त्यानं गळ्यातल्या कातडी पिशवीतली चकती दाखवली. ओळख पटली, जीव वाचला आणि वर वाइनची बाटली मिळाली. गोष्ट फर्मास आहे, पण तिला कागदोपत्री पुरावा नाही. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्याला एक भुयार असतं आणि ते कुठेतरी दूर निघतं, तशातलाच हा प्रकार.

जरा ठोस जमिनीवर यायचं, तर कोरियाच्या युद्धाचा काळ लागतो. सतराव्या पायदळ रेजिमेंटचे कर्नल विल्यम क्विन यांना ‘बफेलो बिल’ असं टोपणनाव होतं. त्यांनी आपल्या जवानांसाठी रानरेड्याचं चिन्ह असलेली नाणी पाडून घेतली, असं सांगतात. पुढे अमेरिकेच्या विशेष दलांच्या तुकड्यांनी हा रिवाज उचलला. १९८०-९० च्या दशकांत तो सगळ्या सैन्यात पसरला. बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांना भेट मिळालेली अशी नाणी त्यांच्या टेबलामागे मांडून ठेवलेली असत. त्यांच्या अधिकृत तैलचित्रातही ती मागे दिसतात.

मला या सगळ्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटली. पदक एकट्याचं असतं. ते काचेच्या कपाटात ठेवलं तरी पदकच राहतं. हे नाणं मात्र एकट्याचं असून भागत नाही. आपटलं की समोरून दुसरं आपटलं गेलं पाहिजे. उत्तर आलं नाही, तर तो नुसता धातू. सोनार काही चुकीचं बोलला नव्हता.

आता त्या चार विजा.

अमेरिकन नौदलात ‘रेडिओमन’ ही स्वतंत्र शाखा १९२१ पासून होती. त्यांच्या बाहीवर चार विजांचं चिन्ह असे. बिनतारी यंत्राच्या सुरुवातीच्या काळात संदेश पाठवताना खरोखरच ठिणग्या उडत, कडकडाट होई. त्यावरून या माणसांना ‘स्पार्क्स’, म्हणजे ठिणग्या, असं नाव पडलं. नौदल असो की मालवाहू बोट, अमेरिकन असो की आमच्या खाडीकाठचा, रेडिओवाला तो ‘स्पार्क्स’. म्हणूनच त्या म्हाताऱ्याला गणवेश नसलेल्या परदेशी माणसाला आपलं नाणं देण्यात काही वावगं वाटलं नसावं.

या माणसांचं काम नुसतं बोलण्याचं नव्हतं, ऐकण्याचं होतं. मामूंच्या पेटीतलं घड्याळ बघून माझी मुलगी म्हणाली होती, ‘‘अब्बा, यावर लाल पट्टे कशाला?’’ तबकडीवर तीन आकड्यापासून तीन मिनिटांचा एक लाल पट्टा आणि नऊ आकड्यापासून तसाच दुसरा. जगातल्या प्रत्येक जहाजाच्या रेडिओ खोलीत असं घड्याळ असे. दर तासाला पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांना, संकटासाठी राखून ठेवलेल्या पाचशे किलोहर्ट्झच्या लहरीवर सगळ्यांनी गप्प बसायचं. कोणी काही पाठवायचं नाही. फक्त ऐकायचं. का, तर दूर कुठेतरी एखादं जहाज बुडत असेल, त्याची बॅटरी संपत आली असेल, तर त्याची क्षीण हाक गलबल्यात हरवू नये.

या शिस्तीमागे टायटॅनिकचा धडा होता. एप्रिल १९१२ मधल्या त्या रात्री जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड हे दोघे तरुण मदतीची हाक पाठवत होते. ‘कॅलिफोर्नियन’ नावाचं जहाज जवळपासच होतं, पण त्यावरचा एकुलता एक रेडिओवाला दिवसभराचं काम आटोपून, यंत्र बंद करून झोपला होता. टायटॅनिक हिमनगाला धडकण्याच्या थोडाच वेळ आधी. हाक ऐकली ती दूरवरच्या ‘कार्पेथिया’च्या रेडिओवाल्यानं आणि त्यामुळे सातशेवर माणसं वाचली. फिलिप्स गेला. त्यानंतर जहाजावर चोवीस तास कान उघडा ठेवण्याचे नियम हळूहळू कडक होत गेले. कल्पना करा, अर्ध्या तासाला एकदा सगळ्या समुद्रांवरची हजारो माणसं एकाच वेळी गप्प होतात, एका अनोळखी माणसासाठी. जगात असा दुसरा रिवाज मला तरी माहीत नाही.

रेडिओमन लोकांच्या इतिहासात ऐकण्याच्या या कामाचा एक धागा फार विलक्षण आहे.

१९२८ साली वॉशिंग्टनमधल्या नौदलाच्या मुख्य इमारतीच्या गच्चीवर एक काँक्रीटची खोली बांधली गेली. काही निवडक रेडिओमन रोज जिना चढून गच्चीवर जात. खालच्या कचेरीतल्यांना ते तिथे काय करतात याचा पत्ता नव्हता. त्यांचं नावच पडलं ‘ऑन द रूफ गँग’, गच्चीवरची टोळी. तिथे ते जपानी मोर्स शिकत होते. इंग्रजी मोर्समध्ये सव्वीस अक्षरं. जपानी काना लिपीच्या मोर्समध्ये पन्नासच्या आसपास. त्यांना जपानी भाषा येत नव्हती. अर्थ कळत नव्हता. त्यांनी फक्त कानावर पडलेलं जसंच्या तसं टिपायचं होतं. त्यासाठी काना अक्षरं उमटवणारे टाइपरायटर खास बनवून घेतले होते. हॅरी किडर नावाच्या रेडिओमननं हा जपानी मोर्स आधी स्वतः शिकून घेतला होता. तोच गच्चीवरचा पहिला मास्तर. १९४१ पर्यंत नौदलाचे १५० आणि मरीन दलाचे २६, असे एकूण १७६ जण या गच्चीवरून तयार होऊन गेले.

शिकून झाल्यावर त्यांना पॅसिफिकमधल्या ठाण्यांवर पाठवलं गेलं. ग्वाम, फिलिपिन्स, हवाई. रात्र रात्र कानाला यंत्र लावून ते जपानी आरमाराचं बोलणं उतरवत राहिले. युद्ध भडकल्यावर, डिसेंबर १९४१ मध्ये ग्वाम पडलं आणि तिथले त्यांच्यातले काही जण जपानच्या हाती सापडले. ते १९४५ पर्यंत युद्धकैदी होते. गुपित फुटलं नाही. फिलिपिन्समधल्यांना पाणबुड्यांतून बाहेर काढलं गेलं, कारण अशी माणसं शत्रूच्या हाती लागणं परवडणारं नव्हतं. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या आणि पॅसिफिकमधल्या युद्धाचं पारडं फिरलं. जपानी संकेतभाषा फोडणाऱ्या जोसेफ रोशफोर्ट यांचं नाव त्या संदर्भात पुढे जगाला कळलं. पण फोडायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. ते कोणी तरी अंधारात बसून, एकेक अक्षर टिपून आणलेलं होतं.

या माणसांना आपण काय केलं ते सांगायची मुभा नव्हती. बायकोला नाही, मुलांना नाही. पुढची कित्येक वर्षं नाही. अशा माणसांच्या जमातीला पदकापेक्षा खिशातलं नाणं का जवळचं वाटलं असेल, ते मला इथे कळलं. काही न बोलता ओळख पटवण्याची ती एक सोय होती. निवृत्त रेडिओमन मंडळींनी चार विजांची नाणी पाडून घेतली, ती याच भावनेतून असावीत.

आता थोडं माझ्या धंद्याकडे वळतो. मोर्स म्हणजे ठिपका आणि रेघ, एवढंच आपण शाळेत शिकतो. पण मुरलेला रेडिओवाला ठिपके-रेघा मोजत नाही, तो चाल ऐकतो. छोटा आवाज, लांब आवाज. आपल्याकडे छंदशास्त्रात लघू आणि गुरू. गझल लिहिणारे आम्ही त्याला ‘ल’ आणि ‘गा’ म्हणतो. शिवाय प्रत्येकाची वाजवण्याची लकब निराळी. कोणाची रेघ किंचित लांबते, कोणी दोन अक्षरांमध्ये जरा जास्त थांबतो. इंग्रजीत या लकबीला ‘मूठ’ अशा अर्थाचा शब्द आहे. आपण अक्षराचं वळण म्हणतो तसं. ऐकणाऱ्याला मुठीवरून माणूस ओळखता येई. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या ‘बॉम्बे रेडिओ’त आज कोण बसलाय, ते पहिल्या दोन शब्दांत कळतं, असं मामू सांगत.

मी कॉलेजात बी.ए. करत असताना गझलेच्या नादाला लागलो. तेव्हाची गोष्ट. मामू सुट्टीवर आले होते. मी ओटीवर बसून देवप्रिया वृत्तात एक ओळ बसवत होतो आणि बोटानं पाटावर मात्रा ठोकत होतो. गालगागा गालगागा गालगागा गालगा. पुन्हा पुन्हा. मामू आतून बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘काय रे, मघापासून वाय, वाय, वाय, के, हे कुणाला पाठवतोयस?’’ मला काही समजलं नाही. मी हसलो. तेही हसले. जाता जाता म्हणाले, ‘‘शेवटी के आहे ना, मग थांबून ऐक. उत्तर यायला पाहिजे.’’

तीस वर्षांनी, नाण्याच्या निमित्तानं मोर्सचा तक्ता पुढे घेऊन बसलो, तेव्हा ते वाक्य उलगडलं. गालगागा, म्हणजे रेघ, ठिपका, रेघ, रेघ. मोर्समध्ये ते ‘वाय’ अक्षर आहे. आणि गालगा, म्हणजे रेघ, ठिपका, रेघ, हे ‘के’. रेडिओवाले आपलं बोलणं संपल्यावर ‘के’ पाठवतात. त्याचा अर्थ, माझं झालं, आता तुम्ही बोला. मराठीतल्या किती गझला या वृत्तात आहेत! त्यांची प्रत्येक ओळ मामूंच्या कानाला ‘आता तुम्ही बोला’ असं म्हणून संपत होती. आणि मी, त्याच वृत्तात लिहिणारा, हे कधी ऐकलंच नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मामू बोटीवरून उतरल्यावर काही वर्षांनी घरात पहिला मोबाइल आला. मामू ओसरीत ती पितळी कळ पुसत बसले होते. मी म्हणालो, ‘‘मामू, आता या कट्ट-कडकट्टचा काय उपयोग?’’ मला टोचून बोलायचं नव्हतं. गप्पांच्या ओघात तोंडून गेलं. मामूंनी उत्तर दिलं नाही. भिंतीवरच्या त्या लाल पट्ट्यांच्या घड्याळाकडे बघितलं आणि कळ परत फडक्यात गुंडाळली. त्यानंतर त्यांनी ती माझ्यासमोर काढली नाही.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं की त्याच वर्षांत जगभर या माणसांचे आवाज एकेक करून बंद होत होते. अमेरिकेच्या तटरक्षक दलानं १९९५ साली मोर्सवर कान ठेवणं थांबवलं. फ्रान्सनं ३१ जानेवारी १९९७ रोजी शेवटचा संदेश पाठवला. त्याचा आशय असा होता, की कायमच्या शांततेपूर्वीची ही आमची अखेरची हाक आहे. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहावर चालणारी नवी संकटसंदेश व्यवस्था जगभरच्या मोठ्या जहाजांवर पूर्णपणे लागू झाली आणि बोटीवर रेडिओ ऑफिसर असलाच पाहिजे, ही अट गेली. त्याच वर्षी १२ जुलैला अमेरिकेतला व्यापारी मोर्सचा शेवटचा संदेश गेला. सॅम्युएल मोर्सनं १८४४ साली पाठवलेलं पहिलंच वाक्य पुन्हा पाठवून त्यांनी निरोप घेतला. आपल्याकडची तार तर जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शेवटच्या दिवशी ज्यांनी जन्मात तार केली नव्हती, तेही रांगेत उभे होते.

आणि रेडिओमन? १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणकाचं काम बघणारी नौदलाची शाखा त्यांच्यात मिसळली गेली आणि १९९९ साली त्यांचं नाव बदललं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं ‘रेडिओमन’ हे नाव पुसलं गेलं. नवं नाव ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स टेक्निशियन’. थोडक्यात, आयटी. बाहीवरच्या चार विजा मात्र तशाच राहिल्या. ज्यांनी आयुष्यात कधी कळ दाबली नाही, ती पोरंही आज त्याच विजा लावतात.

माझी यावर तक्रार नाही. नव्या व्यवस्थेत बुडणाऱ्या जहाजाची हाक उपग्रह आपोआप उचलतो. त्याला झोप येत नाही. टायटॅनिकच्या रात्री असा उपग्रह असता, तर आणखी कितीतरी माणसं वाचली असती. मामूंनाही हे मान्य असणार. कामाचा उपयोग संपला म्हणून कोणी रडत नाही. माणूस खचतो तो त्याचं काम ओळखणारं कोणी उरत नाही तेव्हा. मामूंजवळ नाणं होतं. पण आमच्या अख्ख्या गावात ते कुणासमोर आपटायचं? घरात मी होतो. लघुगुरू जाणणारा एकटा मीच होतो. ते ‘के’ पाठवून थांबले होते आणि मी उत्तर दिलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेज नावाची जागा आहे. तिथलं जुनं किनारी रेडिओ केंद्र काही हौशी मंडळींनी जपलं आहे. शेवटचा संदेश गेला त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी जुलैत ते यंत्रं पुन्हा सुरू करतात आणि मोर्समध्ये हाक देतात. दूरदूरचे जुने स्पार्क्स आणि हौशी लोक ती ऐकतात, उत्तर देतात. त्यांच्यात कोणी वारला, तर ‘त्याची कळ शांत झाली’ असं म्हणतात. तिथे आजही आव्हान जातं आणि उत्तर येतं. म्हणजे तो धंदा गेला तरी ती जमात अजून आहे.

मामूंच्या पेटीतलं घड्याळ आणि कळ मामेभावानं ठेवली. नाणं मामूंच्या नातीनं मागून घेतलं. ती पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. कुठे, म्हणाल, तर आयटीत. मी तिला फोनवर ही सगळी हकीकत सांगितली होती, गच्चीवरच्या टोळीपासून ‘वाय’ आणि ‘के’पर्यंत. ती ऐकून घेत होती, मधूनमधून ‘हं’ म्हणत होती. तिला कितपत रस आहे, मला अंदाज येईना.

गेल्या वर्षी एका कवी संमेलनासाठी पुण्याला गेलो होतो. तिनं कंपनीजवळच्या टपरीवर बोलावलं. बरोबर तिच्या दोन मैत्रिणी होत्या. चहा आला. मी संमेलनाबद्दल काहीतरी सांगत होतो. तिनं पर्स उघडली आणि टपरीच्या पत्र्याच्या टेबलावर ते नाणं दाणकन आपटलं. आजूबाजूचे चार जण वळून बघायला लागले.

‘‘चाचा, तुमचं दाखवा,’’ ती म्हणाली.

मी खिसे चाचपले. माझ्याकडे काही नव्हतं. मग मी बोटानं टेबलावर हळूच वाजवलं. रेघ, ठिपका, रेघ. ती म्हणाली, ‘‘हे दादांचं आहे, चाचा. हे धरायचं नाही.’’

नियमाप्रमाणे सगळ्यांच्या चहाचे पैसे मी दिले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)